बुटांवर जळणारी काठवट

मी एक जुनी काठवट आहे. माकणीच्या बिराप्पा सुताराने बाभळीच्या ओंडक्यातून मला कोरलं आणि महानंदाबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत कळंबला आले. मित्रांनो, तीस वर्षं ज्वारीचं पीठ माझ्यातच मळलं गेलं. बाईंचे मालक महालिंगप्पा यांचं धान्याचं दुकान आहे. दुपारी घरी आले की चार भाकरी खायचे आणि म्हणायचे, "हिच्या भाकरीला तोड न्हाय." त्यातलं निम्मं कौतुक मी माझं समजायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना सारखी तहान लागू लागली. रक्त तपासलं, तर साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "भाकरी, भात, गोड कमी करा. रोज चाला. साखर मोजत राहा, आणि गोळ्या मनानं बंद करू नका."

तेव्हापासून माझे वाईट दिवस आले. ताटात मेथी, मटकीची उसळ, पनीर, काकडी, ताक. भाकरी उरली अर्धी. तेवढं पीठ बाई एका ताटलीत मळू लागल्या आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. तिथून दाराशी ठेवलेले, महालिंगप्पांच्या चालण्यासाठी आणलेले नवे बूट दिसायचे. बाई ते रोज फडक्यानं पुसायच्या. मला मात्र आठ-आठ दिवस कुणाचा हात लागत नव्हता. धूळ तुडवून येणाऱ्यांचे एवढे लाड, आणि पोटाला घालणारी मी कोपऱ्यात! चार महिन्यांत साखर उतरली, एक गोळी कमी झाली. महालिंगप्पा बुटांकडं बघून म्हणाले, "ह्यांनीच वाचिवलं बघ." माझा जीव नुसता जळाला.

मग येळवस आली. शेतात पूजा आणि जेवण असतं त्या दिवशी. बाईंनी मला घासून धुतलं, बाजरीच्या वाफवलेल्या गोळ्यांनी, उंड्यांनी काठोकाठ भरलं. महालिंगप्पा म्हणाले, "पूजेला अनवाणीच जातो. बूट ऱ्हाऊ दे घरी." मला वाटलं, जिंकले!

कडब्याच्या खोपीपाशी पंगत बसली. चुलतभाऊ कल्याणप्पा आग्रह करू लागले, "अण्णा, सणाला कसलं पथ्य? घ्या अजून एक."

"भावजी, नका ना वाढू," बाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. उंडे झाले, खीर झाली, पुन्हा उंडे झाले. मी आनंदानं रिकामी होत गेले.

त्याच दिवशी त्यांच्या डाव्या तळव्यात काटा रुतला. साखरेनं पाय बधिर झालेला, त्यांना कळलंच नाही. पुढं जुनं खाणं परत आलं, चालणं सुटलं आणि मी पुन्हा रोज बाईंच्या हाताशी आले. पंधरा दिवसांनी बाईंना चादरीवर पुवाचा डाग दिसला.

काटा काढून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम चिघळलीय. पायाची दोन बोटं वाचतील का, आज सांगता येत नाही."

घरी येऊन बाईंनी सवयीनं माझ्यात पीठ घेतलं आणि त्या रडू लागल्या. महालिंगप्पा हळूच म्हणाले, "नगं मळू. मला पाय पायजे, भाकरी न्हाय."

ज्या बुटांचा मी दुस्वास केला, ते पायात असते तर काटा आत शिरला नसता. मित्रांनो, लाकडालाही लाज वाटते.

तीन महिने मलमपट्टी चालली. पायावर भार द्यायचा नव्हता, म्हणून ते खुर्चीत बसून व्यायामासाठी पाण्याच्या बाटल्या उचलायचे. ताटात पुन्हा पालेभाजी आणि उसळ आली. साखर उतरली, जखम भरली, बोटं वाचली. बाईंनी स्वतः तळवा निरखून पाहिला, मोजे चढवले, बूट घातले. महालिंगप्पा उंबरा ओलांडून चालत गेले.

मी आजही बुटांवर जळते, खोटं कशाला बोलू? पण एक सांगते. ताटावरच्या माणसानं "पुरे" म्हटलं, की आपला हात मागं घ्या. भरभरून वाढणं म्हणजेच माया, असं मी तीस वर्षं समजत होते. त्याला उद्या आपल्या पायांवर चालता यावं म्हणून वाढायचं थांबणं, हीसुद्धा मायाच आहे.