पिंप आधी पाणी पितं

आमच्या व्हर्नोआ गावच्या पुलावर एक संगमरवरी पाटी आहे. इथला कालवा कुणी बांधला ते तिच्यावर कोरलंय: वर राजाचं नाव, खाली प्रीफेक्टचं. जिल्ह्याचा मालकच तो, राजाचा माणूस. मी अक्षरं शिकलो ती या पाटीवरून, म्हणजे मला वाचायला शिकवलं ते एका खोट्यानं. कालवा बांधला फिर्मँ बोजारनं. पाटीवर त्याचं नाव नाही, म्हणून इथे लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

बोजारचा बाप पलीकडच्या गावात वाइनची पिंपं बांधायचा. पोरगा हिशेबात तल्लख निघाला, पाद्र्याच्या नजरेत भरला आणि पॅरिसला, पूल-रस्त्यांच्या सरकारी शाळेत गेला. परत आला तो आमच्या टेकडीचा नकाशा घेऊनच. टेकडीच्या एका अंगाचं पाणी उत्तरेच्या समुद्राला जातं, दुसऱ्या अंगाचं दक्षिणेच्या. बोटी एका बाजूनं चढवून दुसऱ्या बाजूला उतरवायच्या, हे काम त्याच्या गळ्यात पडलं. दारं बसवलेले पाण्याचे जिनेच म्हणा ना. एकेक पायरी बांधताना त्याची जवानी गेली, लग्न राहिलं, केस उडाले. पॅरिसहून साहेब यायचे, दुपारी उठायचे, उंटावरून शेळ्या हाकायचे आणि जायचे. हा चिखलात उभा.

व्हर्नोआला दरी आडवी येते. तिथे त्यानं उंच बांध घातला आणि कालवा बांधावरून नेला. तळाला आणि बाजूंना चिकणमातीचं अस्तर, गावची गुरं हाकून हाकून तुडवलेलं. बांधाच्या पायथ्याशी अगदी शेवटचं घर आमचं, मागची भिंत बांधालाच टेकलेली.

सगळं तयार झालं आणि पॅरिसमध्ये मंत्री बदलला. काम थांबलं. कोरडा कालवा उन्हाळाभर तापत पडला, माती तडकली. मग शरदात प्रीफेक्टला जाग आली. हुकूम सुटला: राजाचं नाव ज्या संतावरून, त्याच्या सणाला पहिली बोट व्हर्नोआवरून गेली पाहिजे, कालवा आठवड्यात भरा. बोजारनं कळवलं की वसंतापर्यंत थांबावं लागेल. उत्तर आलं: भरा, नाहीतर भरणारा दुसरा पाठवतो.

बोजारनं वीतभर पाणी सोडलं आणि माझ्या आईकडे आला. आईचं नाव पेर्नेत. ती त्याला लहानपणापासून ओळखायची.

“वहिनी, रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊ?”

“पिंपवाल्या बोजारचा पोरगा कधीपासून विचारून जेवायला लागला? ये की.”

“एकटा नाही. प्रीफेक्टसाहेब आहेत बरोबर.”

“अगं बाई! या घरात? मागची भिंत बघितलीस का? वीतभर पाण्यानं सगळी ओली झालीय. बुरशी येईल तिला.”

“भिंतीसाठीच तर आणतोय.”

आई हसायला लागली, मग थांबली. “आणि जेवून ढेकर देऊन तो म्हणाला, भरा, तर?”

“तर तुम्ही गुरंपोरं घेऊन वर चर्चमध्ये जा. पाणी सोडायच्या दारांच्या चाव्या मी देणार नाही. पण चाव्या माझ्याकडून काढून घेता येतात, वहिनी. तुमचं घर मग मला वाचवता येणार नाही.”

आईनं हात पुसले. “लाल वाइनमधली अंडी करते. आणि हॅम. बघू मेला काय करतो ते.”

रविवारी टेबल भिंतीला लावलं आणि प्रीफेक्टची खुर्ची भिंतीला पाठ करून. प्रीफेक्ट खूश होता. गरिबाच्या घरी जेवताना या लोकांना फार बरं वाटतं, उपकार केल्यासारखं. अंडी दोनदा वाढून घेतली. तेवढ्यात भिंतीच्या माथ्यावरून थेंब पडला, थेट त्याच्या कॉलरच्या आत.

“पाऊस आला वाटतं?”

“नाही महाशय, कालवा,” बोजार म्हणाला.

“कालवा कुठे आहे?”

बोजारनं काट्यानं वर दाखवलं. “तुमच्या डोक्यावर. आत्ता वीतभर आहे. तुमच्या हुकुमाप्रमाणे पुढच्या रविवारी पुरुषभर होईल.”

प्रीफेक्टनं वळून भिंत पाहिली. भिंत घाम आल्यासारखी चमकत होती.

“पण तुमचा बांध पक्का आहे ना? तुम्हीच बांधलाय!”

“पक्का आहे, पण तहानलेला आहे. नव्या कोरड्या पिंपात वाइन ओतली तर ती जमिनीला मिळते. आधी पाणी पाजायचं. फळ्या फुगतात, फटी मिटतात, मग ते पिंप जन्मभर गळत नाही. माझ्या बापानं शाळेआधी शिकवलेलं हे. माती तशीच. वीत वीत पाजली तर धरेल. घाई केली तर पाणी भेगांतून वाट काढेल आणि बांध घेऊन खाली येईल.”

“खाली म्हणजे?”

“इथेच साहेब,” आई म्हणाली. “घ्या ना, हॅम घ्या. कोरडी आहे तोवर.”

प्रीफेक्टनं रुमाल ठेवला. पुन्हा वर पाहिलं, मग दाराकडे. “घाई कुणी केली? मी कधी घाई केली? अशी कामं वसंतातच करावीत, असं माझं पहिल्यापासून मत आहे.” आणि उठला. जेवणाचा शेवट म्हणजे चीज, ते यायच्या आत उठला, आणि त्याच्या मागे बोजारलाही उठावं लागलं! आमच्याकडे लग्न मोडलेलं चालतं, पण चीज न खाता उठलेला माणूस चालत नाही. आईनं त्याला मरेपर्यंत क्षमा केली नाही.

चार दिवसांनी दोन कागद आले. एकात लिहिलं होतं, कालवा सावकाश भरावा, प्रीफेक्टसाहेबांच्या दूरदृष्टीनुसार. दुसऱ्यात होतं, बोजारनं ताबडतोब नैर्ऋत्येच्या दलदलीत चर खणायला जावं. दूरदृष्टी एकाची, दलदल दुसऱ्याला. नव्या इंजिनियरला जाताना बोजार एवढंच म्हणाला, “वीतभर सोड, थांब, भिंत बघ, मग पुढची वीत.” त्यानं ते ऐकलं, कारण आता तो प्रीफेक्टचा हुकूम होता. ईस्टरला आमची भिंत कोरडी झाली.

उन्हाळ्यात पहिली बोट गेली, बँड वाजला, पाटी लागली. दोन-चार आठवडे गेले नाहीत तोच पॅरिसमध्ये दंगल झाली, राजा पळाला. पाटीवरचं त्याचं नाव खरवडून नव्या राजाचं कोरलं. दगड तिथे अजून खोलगट आहे, बोट फिरवून बघा. प्रीफेक्टचं नाव खरवडावं लागलं नाही. असली नावं कुठल्याही राजाखाली टिकतात.

बोजारनं दलदलीत आयुष्य घालवलं. तिथून ताप घेतला, निवृत्त झाला. मी जाणता झाल्यावर एका सप्टेंबरात तो आला, कोळशाच्या बोटीवर बसून. आपल्या कालव्यातून तो पहिल्यांदाच बोटीनं जात होता. काठी टेकत बांध उतरला, सरळ आत आला आणि मागच्या भिंतीला तळवा लावून उभा राहिला. बराच वेळ.

“कोरडी आहे,” आई म्हणाली. “कधीची. आणि पाटीवर तुझं नाव नाही रे.”

“पिंप गळलं की लोक बांधणाऱ्याच्या नावानं खडे फोडतात, वहिनी. नाही गळलं तर नाव कोण विचारतं?”

हे त्याचं म्हणणं. माझं नाही. मी विचारतो.

तो टेबलाशी बसला. “त्या रविवारचं चीज राहिलं होतं.”

“थांब, उंदरांनी ठेवलंय का बघते,” आई म्हणाली आणि अख्खी चकती आणून पुढ्यात ठेवली. छपराच्या वरून एक बोट गेली, ती ओढणाऱ्या घोड्याच्या घुंगरांचा आवाज आला, मग तोही दूर गेला. त्यानं मान वर केली नाही. पाव तोडला आणि निवांत खात बसला.