खोटं बोलणारी डिस्क

वीरेंद्रच्या बढाया ऐकून ऐकून सुचिताला वीट आला होता. सौसरमधल्या तीन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीचा तो मालक. त्यानं स्वतः प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली कुणी पाहिली नव्हती. जीभ मात्र अखंड चालू.

पांढुर्ण्याच्या एका रक्तपेढीसाठी केलेलं सॉफ्टवेअर तपासायचं काम सुचिताकडे होतं. त्यासाठी तिनं एक नकली डिस्क बनवली, म्हणजे खऱ्या डिस्कचं सोंग घेणारा छोटासा प्रोग्राम. 'लिहिलं' म्हणून सांगायचं आणि लिहायचंच नाही, किंवा अर्धंच लिहायचं, हे त्या डिस्कचं काम. मरायला टेकलेल्या किंवा मधेच वीज गेलेल्या डिस्का असंच करतात.

"चांगल्या चालत्या मालात काहून बिघाड घालून राहिली तू?" वीरेंद्रनं विचारलं.

"बिघाड डिस्कमधी हाये, सर. माल चांगला असंल तर टिकंल."

माल टिकला नाही. चाळीसातल्या अकरा नोंदी गायब. तिनं अहवाल दिला. वीरेंद्रनं त्यावर चहाचा कप ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन सॉफ्टवेअर बसवायला पांढुर्णा गाठलं.

"मधीच लाईट गेली तर?" रक्तपेढीच्या डॉक्टर विजयाताईंनी विचारलं.

"एक अक्षर हलत नाई, मॅडम," वीरेंद्र खुर्चीत रेलून म्हणाला.

सुचितानं त्याच्याकडे पाहिलं. माणूस इतक्या सहज खोटं बोलतो, तर डिस्कला काय दोष द्यायचा?

"मॅडम, दाखवू?" तिनं लॅपटॉप उघडून नकली डिस्क लावली. रक्ताच्या एका पिशवीची जुनी नोंद होती, 'योग्य'. तपासणीत दोष निघाला असं धरून तिनं ती 'वापरू नये' केली. पडद्यावर 'जतन झाले' आलं. तिनं प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. पिशवी परत 'योग्य'.

विजयाताईंनी लॅपटॉप मिटला. "हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "धड करून आणा. आन् सांगायले ही पोरगीच येऊ द्या."

परतताना गाडीत वीरेंद्र धुसफुसत होता. "माही इज्जत घालवली तू."

"इज्जत जतन झालती का, सर?" सुचिता म्हणाली आणि खिडकीबाहेर संत्र्यांचे बगीचे पाहत बसली.

लिहिलेलं पुन्हा वाचून जुळल्याशिवाय 'जतन झाले' म्हणायचं नाही, असं सॉफ्टवेअर बदलायला तीन आठवडे लागले. मग नकली डिस्कनं कितीही फसवलं तरी ते फसलं नाही, लगेच धोक्याची सूचना दिली. रक्तपेढीनं ते घेतलं.

वीरेंद्र आता येईल त्याला सांगतो, "नकली डिस्कची आयडिया माहीच." सुचिता शेजारच्या टेबलावर असते. ती मानही वर करत नाही.