फसायलाच जन्मलेला कोल्होबा

निकाराग्वातल्या लिओन गावात क्लेमेन्सियाने तीस वर्षं पोरांच्या पुस्तकांसाठी ससोबा नि कोल्होबा काढले. पण गेल्या पुस्तकावर प्रकाशक इलारियोने तिचं नाव उडवलं आणि ‘चित्रे’ या शब्दापुढे खुशाल स्वतःचं छापलं. वर तोंड करून म्हणाला, “चित्रकाराचं नाव कोण वाचतंय, बाई? यापुढे असंच चालणार.”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. 

नव्या पुस्तकासाठी तिने तीन कोल्होबा काढून नेले. दोन नेहमीचे. तिसऱ्याची डावी भुवई तुटकी, हनुवटी लोंबती, पट्ट्यावरून पोट सांडलेलं. इलारियो तिसऱ्यावर बोट ठेवून खो खो हसला. “हाच घे! बघताक्षणी कळतं, फसायलाच जन्मलाय लेकाचा!”

“तुमची पारखच तशी, सेन्योर,” ती म्हणाली.

शाळेच्या अंगणात प्रकाशन झालं. ससोबा कच्चं फळ फेकून कोल्होबाचे दात पाडतो, ते पान उघडताच इलारियोची नात बाकावर उभी राहून ओरडली, “आजोबा, हे तर तुम्ही!” झालं! गोष्टीतल्या कोल्होबाला चिडवायची, पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेली ओळ अख्खं अंगण त्याच्याकडे बघून गाऊ लागलं, “बूड भाजलं, दात पडले!”

तो लालबुंद होऊन क्लेमेन्सियावर धावला. “भवाने, हे तूच काढलंस!”

तिने मुखपृष्ठ त्याच्या नाकासमोर धरलं.

“मी? जरा मोठ्याने वाचा की, सेन्योर. पोरांनाही कळू दे कुणी काढलंय.”