जोडाला नाही म्हणायचं नाही

मी काटा बोलतोय. भिंतीवरच्या घड्याळातला नव्हे, वजनाचा. खाली माणूस ऐसपैस उभा राहील एवढा लोखंडी पाट, मागे खांब, वर आडवी पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं माप. दिसायला फार देखणा नाही मी, पण माझ्या उमेदीच्या काळात घोडेगावच्या बाजारात माझ्या शब्दाला किंमत होती.

तिथे एका आडत्याकडे मी कांद्याच्या गोण्या तोलायचो. शेतकरी गोणी चढवताना पायाचा अंगठा हळूच पाटावर टेकवायचा. हमाल तितक्याच हळूच तो पाय बाजूला सारायचा. आणि मग दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढच्या गोणीकडे वळायचे. मला गंमत वाटायची. पुढे लाल आकडे दाखवणारे बॅटरीचे काटे आले आणि माझी रवानगी भंगारात झाली.

भंगारातून मला उचललं बन्सी सरांनी. फौजेतून निवृत्त झालेले, उंच, काटक, नाक एका बाजूला कललेलं. सावेडीत एका बंद पडलेल्या शेडमध्ये ते पोरापोरींना बॉक्सिंग शिकवायचे. छताला टांगलेल्या बॅगा, चार दोर ओढून केलेली रिंग, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या फोटोखाली मी. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा गंज घासून काढला आणि सांध्यांत तेल सोडलं. इतक्या मायेनं मला कधी कुणी हात लावला नव्हता.

गोणी बरी, एकदा ठेवली की गप्प बसते. माणसाचं तसं नसतं. वजन करताना पोरं श्वास धरतात, जणू हवेचंही वजन मोजलं जाणार आहे. कुणी हातातलं कडं काढून ठेवतो, कुणी गळ्यातला ताईत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरं अंगात रेनकोट घालून भर उन्हात पळायची, घामाने निथळत यायची आणि माझ्यावर चढून दांडीकडे देवाकडे बघावं तशी बघायची. मी आपला खरं ते सांगायचो.

बॉक्सिंगचं एक मला फार आवडायचं. वजनाचे गट पाडायचे, त्या गटातल्या नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या, आणि ज्याची चिठ्ठी ज्याच्याबरोबर निघेल त्याने त्याच्याशी लढायचं. जात नाही, गाव नाही, बापाचं नाव नाही. बन्सी सर या चिठ्ठीवर जीव टाकायचे. का, ते त्यांनीच एकदा पोरांना समोर बसवून सांगितलं होतं.

त्यांचे वडील जामखेडकडचे. अंगाने तयार पैलवान. जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरला की ते लंगोट लावून आखाड्यात उतरायचे आणि हात वर करून गोल फेऱ्या मारायचे. कुणी पुढे येऊन हात मिळवला की जोड ठरला, अशी तिथली रीत. पण त्यांच्याशी हात मिळवायला कुणी पुढे यायचं नाही. ते ताकदीने कमी होते म्हणून नव्हे, बौद्धवस्तीतले होते म्हणून. शेवटी पंच त्यांच्या हातात नारळ द्यायचे आणि म्हणायचे, तुला जोड न्हाई. तो नारळ घरी आणून ते फोडायचे नाहीत, कोपऱ्यात ठेवून द्यायचे.

हे सांगून झालं की सर नेहमी एकच वाक्य म्हणायचे, "समोर आलेल्या जोडाला न्हाई म्हणायचं न्हाई. जोड मिळणं लई मोठी गोष्ट हाय." शेडमधल्या प्रत्येक पोराला हे वाक्य पाठ होतं. मलाही ते पटायचं.

सृष्टी याच शेडमध्ये मोठी झाली. आली तेव्हा माझ्यावर चढली तर दांडी जेमतेम हलायची. पाच-सहा वर्षांत तिचा डावा हात असा तयार झाला की बॅगेवर त्याचा आवाज ऐकला तरी न बघता कळायचं, ही सृष्टी. तिला बॉक्सिंगमधून पोलिसात जायचं होतं, आणि त्याआधी राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं होतं. सुमनबाई, म्हणजे सरांच्या बायको, तिच्यासाठी घरून मटकीचा डबा पाठवायच्या. सरांना मूल नव्हतं. ते कधी बोलून दाखवत नसत, पण सृष्टी यायची वेळ झाली की त्यांची नजर दाराकडे लागलेली असायची.

अडचण एकच होती, आणि ती भलतीच होती. जिल्ह्यात तिच्या वजनाची दुसरी पोरगीच नव्हती. जिल्हा स्पर्धेत तिला रिंगमध्ये बोलवायचे, समोरचा कोपरा मोकळा असायचा, पंच तिचा हात वर करायचे आणि गळ्यात सोन्याचं पदक. बघायला असून असून कोण, तर चार आईबाप, एक पीटीचे मास्तर आणि चहावाला. एकही ठोसा न मारता तिच्याकडे तीन सुवर्णपदकं झाली. राज्य स्पर्धेत मात्र पहिल्याच लढतीत ती हरली, कारण समोरून खरा ठोसा कसा येतो हे तिला ठाऊकच नव्हतं. परत आल्यावर ती पदकं सरांपुढे ठेवून म्हणाली, "सर, ह्यात एक तरी माझं हाय का?" मला वाटतं, सरांना त्यात वडिलांचा कोपऱ्यातला तो नारळ दिसला असावा.

अशात तुषार आला. सरांचाच जुना शिष्य, आता सावेडीत त्याची मोठी जिम होती आणि जिममध्ये जाळीचा पिंजरा. त्यात मिक्स मार्शल आर्ट चालायचं. ठोसे, लाथा, पकडी, सगळं एकात. वर्षातून दोनदा तो एखाद्या मंगल कार्यालयाच्या लॉनवर लढती भरवायचा. पाथर्डी, शेवगावकडून पोरं मोटारसायकली भरभरून यायची, डीजे लागायचा, वर ड्रोन घिरट्या घालायचा. बॉक्सिंगला चहावाल्याचा धंदा होत नव्हता आणि इथे उभं राहायला जागा मिळत नव्हती.

सर आणि तुषार माझ्या शेजारी उभं राहून कितीदा तरी वाद घालायचे. तुषार म्हणायचा, टीव्हीवरच्या बॉक्सिंगने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. ज्या दोघांची लढत लोकांना बघायची असते ते नेमके एकमेकांना टाळतात, हरल्याचा डाग नको म्हणून वर्षानुवर्षं थांबतात, आणि समोरासमोर येतात तेव्हा दोघंही म्हातारे झालेले असतात. आमच्याकडे हरणं ही लाज नाही, म्हणून लढती होतात, म्हणून माणसं येतात. सर म्हणायचे, तुझ्या पिंजऱ्यात जोड वजनावर लागत नाहीत, चेहऱ्यावर लागतात. कुणाचे रील किती जण बघतात हे आधी बघता आणि मग पोरं शोधता. मला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. पण मला कोण विचारणार.

तुषारने सृष्टीसाठी जोड आणला तो धनश्रीचा. ती संगमनेरची, पूर्वी ज्युडो खेळलेली, आणि आता मोबाईलवर लाखभर लोक तिच्या मागे. सृष्टी हे ऐकून अशी उजळली की सरांनी नाही म्हणायचा प्रश्नच उरला नाही. दोघींनी किती वजनावर लढायचं ते ठरलं. तिने तीन महिने तुषारच्या जिममध्ये पकडी शिकल्या. पहाटे पिंजरा आणि संध्याकाळी सरांची शेड. एवढी आनंदात मी तिला कधीच पाहिली नव्हती.

लढतीच्या आदल्या दिवशी दोघींचं वजन सगळ्यांसमोर करायचं होतं. तुषारला व्हिडिओत जुना काटा हवा होता. म्हणून मला टेम्पोत घालून लॉनवर नेलं, फुलांची माळ घातली आणि मागे मोठं पोस्टर लावलं. बाजारातून भंगारात गेलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात हार पडला. मी फुशारलो, हे लपवत नाही.

सृष्टी चढली. ठरलेल्या वजनाला अगदी बरोबर. टाळ्या पडल्या. मग धनश्री चढली आणि दांडी वर जाऊन आदळली. तुषारने माप पुढे सरकवलं, आणखी सरकवलं. ठरल्यापेक्षा सात किलो जास्त. धनश्रीने खाली मान घातली. आजारी होती, वजन उतरवता आलं नाही, असं तिने तुषारच्या कानात सांगितलं. ती काही लबाड पोरगी नव्हती.

गर्दीला आकडा दिसला नाही. तो दिसला फक्त तुषारला आणि बन्सी सरांना. तुषारने सरांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्याच खांबाआड, आणि जे बोलला ते ऐकून मला त्याच्याविषयी आदर वाटला. तो म्हणाला, "सर, नाही म्हणा. पोस्टरचं मी बघतो. आमच्यात लोक रोज नाही म्हणतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही."

सरांनी माझ्या दांडीकडे बघितलं. सगळं त्यांच्यासमोर होतं. सात किलोचा फरक म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? सृष्टी तिथेच, सगळं ऐकत, दोन पावलांवर उभी होती. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. मी अगदी खात्री धरून होतो.

सर म्हणाले, "पोरीला पहिल्यांदा कुणी हात मिळवलाय. मी न्हाई म्हणणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला पिंजऱ्याशेजारी शोभेला मांडून ठेवलं होतं, त्यामुळे मला ते बघावं लागलं. पहिली फेरी सृष्टीची. तिचा डावा हात पुन्हा पुन्हा धनश्रीच्या तोंडावर पोचत होता आणि लॉन नुसतं गर्जत होतं. तीन सुवर्णपदकांत जे मिळालं नव्हतं ते तिला त्या पाच मिनिटांत मिळालं, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या फेरीत धनश्रीने तिला कवेत घेऊन खाली पाडलं. मग ते सात किलो सृष्टीच्या अंगावर आले. तिचा डावा हात धनश्रीच्या दोन्ही हातांत सापडला आणि कोपरातून उलटा ताणला जाऊ लागला.

त्या खेळात अशा वेळी मोकळ्या हाताने जमिनीवर थापा मारायच्या असतात. थाप मारली की लढत थांबते, हरलेला उठून हसत बाहेर जातो. तुषार जाळीला तोंड लावून ओरडत होता, थाप मार, सृष्टी, थाप मार. सृष्टीचा उजवा हात मोकळा होता. तिने तो वर उचललाही. मग तिने मान वळवून सरांच्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि हाताची मूठ तशीच आवळून धरली. आमच्या शेडमध्ये तिला कधी कुणी नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं. सरांनी लढत थांबवायला टॉवेल आत फेकला, पण तोवर कोपराचा आवाज झाला होता.

ती बारीकशी क्लिप किती लाख लोकांनी बघितली म्हणतात. धनश्री दवाखान्यात सृष्टीच्या उशाशी बसून रडली, ते कुणी बघितलं नाही. दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला, पण कोपर काही सरळ होत नाही. ज्या हाताचा आवाज मी न बघता ओळखायचो, तो हात आता अर्ध्यावर थांबतो. राष्ट्रीय स्पर्धा गेली, पोलीस भरतीचं मैदानही गेलं. सुमनबाई अजून डबा पाठवतात.

बन्सी सरांनी मला लॉनवरून परत आणलं, पण कितीतरी महिने माझ्यावर कुणाला उभं केलं नाही. एकटे असले की माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. एकदा मला म्हणाले, माझ्या बापाला जोड मिळाला न्हाई म्हणून मी लेकीचा हात मोडला. लोखंडाला रडता येत नाही, हे तेवढ्यापुरतं बरंच झालं.

परवा शेडमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी झाली. शेवगावकडून एक बाई खुरपणीचा खाडा करून लेकीला घेऊन आली होती. पोरगी तेरा-चौदा वर्षांची, तयारीची. तिच्या वजनात दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या क्लबचे मास्तर म्हणाले, आमची एक आहे, थोडी जड आहे, खेळवू की मैत्रीची लढत. पोरगी तर हातमोजे चढवूनच उभी होती. आईने हात जोडले, एवढ्या लांबून आलोय, खेळू द्या म्हणाली.

सरांनी दोघींना एकामागून एक माझ्यावर उभं केलं. माप सरकवलं, पुन्हा तपासलं.

"न्हाई," ते म्हणाले. "हा जोड लागत न्हाई."

पोरगी तिथेच खाली बसून रडायला लागली. आई सरांना नाही नाही ते बोलली. सर ऐकून घेत उभे राहिले. सृष्टी हल्ली फेऱ्यांची वेळ लावायला येते, ती घंटा बाजूला ठेवून त्यांच्याजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला फार लागलं. म्हणाली, "सर, हे तवा म्हणायचं हुतं. मी ऐकलं असतं."

"व्हय," सर म्हणाले. "तू ऐकलं असतंस."

आता ही शेड पाडायची ठरली आहे. मला पुन्हा भंगारवाला नेईल, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझे दिवस भरले. जाता जाता एवढंच मागतो. तुम्ही शिकवणारे असा, आईबाप असा, लढती भरवणारे असा, लेकराला कधी काट्यावर उभं केलंत तर आकडा बघून झाल्यावर जरा त्याच्या तोंडाकडेही बघा. आम्हाला वाटतं ते दांडीकडे बघतंय. ते दांडीकडे बघत नसतं. तुम्ही काय म्हणता याची वाट बघत असतं. त्या दिवशी लॉनवर माझ्याजवळ दोन पावलांवर सृष्टी उभी होती ना, ती तशीच सरांकडे बघत उभी होती.