फुंकरमहाराज आणि मेलेलं यंत्र

गोदामातल्या चार्जिंगच्या टेबलाभोवती चाळीस माणसं श्वास रोखून उभी होती. टेबलावर माल मोजायचं हातातलं यंत्र पडलं होतं, पार बंद. पॅकिंगमधला एक गडी, महिन्याभरापासून स्वतःला फुंकरमहाराज म्हणवून घेणारा, ते चार्जरवर ठेवून डोळे मिटून पुटपुटत होता. दहा मिनिटांनी त्यानं फुंकर मारली, बटण दाबलं, आणि मोजणीचा प्रोग्रॅम जसाच्या तसा हजर! सगळ्यांचे हात जुळले.

माझे हात मात्र शिवशिवले. ती यंत्रं दुरुस्त करणारा मीच. पण पहिल्या रांगेत मोजणीवाली माझी ताई उभी होती, धापा टाकत. तिला दमा आहे. औषध आणि फुंकर एका छातीत नांदत नाहीत, असं महाराजांनी सांगितल्यापासून दोन दिवस तिचा फवारा कपाटात पडून होता.

घरी मी तिच्यापुढं डोकं आपटलं. ताई शांतपणे म्हणाली, "जुनं यंत्र असं बंद पडलं की तू अर्धा दिवस घालवायचास. तो दहा मिनिटांत उठवतो."

तिथंच माझी ट्यूब पेटली. जुन्या यंत्रांची बॅटरी संपली की प्रोग्रॅम पुसला जायचा, म्हणून लाल दिवा दिसताच सगळे चार्जरकडे धावायचे. नवी यंत्रं येऊन दोन वर्षं झाली, तरी धावाधाव चालूच. त्यामुळे महाराजांच्या आधी नवं यंत्र पूर्ण बंद पडलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. आणि धावायची गरज उरली नाही, हे मी शहाण्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांदेखत एका यंत्राची बॅटरी काढली, यंत्र डब्यात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली ताईला दिली. फुंकरीवाचून ते उठणार नाही, असं महाराजांनी ठणकावलं. जेवणाच्या सुट्टीत ताईनं डबा उघडला, स्वतः बॅटरी बसवली, बटण दाबलं. प्रोग्रॅम हजर.

महाराज म्हणाले, "मी दुरून फुंकर मारली होती."

"मग डबा उघडायच्या आधी का नाही बोललात?" ताईनं विचारलं.

मग मी समजावलं. जुन्या यंत्राची आठवण विजेवर जगायची. नव्यात प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत असतो, वहीत शाईनं लिहिल्यासारखा; दिवा गेला म्हणून वही कोरी होत नाही. दहा मिनिटं लागतात ती रिकाम्या बॅटरीत थोडा जीव यायला. तेवढ्यात पाढे म्हटले तरी चालतं.

सगळे हसले. ताई हसता हसता खोकायला लागली आणि तिनं माझ्यापुढं हात केला. फवारा मी सकाळीच खिशात घालून आणला होता. थोड्या वेळानं तिचा श्वास जागेवर आला, तेव्हा माझाही आला.

महाराज पुन्हा पॅकिंगला बसतात, फुंकर आता फक्त चहावर. तुमच्यासमोर कुणी मेलेलं उठवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, ते मुळात मेलं होतं का? आणि कुणाच्या फुंकरीपायी औषध सोडू नका.