चांदीचा फुटबॉल गरागरा फिरला

शिवाजी पेठेतल्या सम्राटनं आपल्या चांदीच्या दुकानात पॉलिशचं मशीन आणलं आणि त्याच दिवशी तानाबाईला घरी पाठवलं. तानाबाई वीस वर्षं रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासत होती. एवढ्या कष्टानंतर बाईला विश्रांती हवीच, असं सम्राटचं उदार मत.

मशीन साधंच होतं. वर साबणाच्या पाण्याचं भांडं, त्यात शेकडो बारीक स्टीलच्या सुया, खाली मोटरवर फिरणारी चुंबकं. चुंबकं फिरली की सुया पाण्यात घोंगावत सुटायच्या आणि दागिना घासून काढायच्या. चांदीला चुंबक ओढत नाही, त्यामुळं दागिना तळाशी निवांत.

शनिवारी मुलींच्या फुटबॉल संघाची कॅप्टन स्नेहल आली. पेठेचे कायमचे भावी नगरसेवक आदर्शदादा यांनी स्वतःच्या वाढदिवशी तिचा सत्कार करून लिंबाएवढा चांदीचा फुटबॉल दिला होता. तो काळा पडला होता.

"बघा पावणं, ह्याला म्हंत्यात सायन्स!" नव्या मशीनच्या तोऱ्यात सम्राटनं गिऱ्हाइकांना जवळ बोलावून फुटबॉल नीट न बघताच पाण्यात सोडला.

फुटबॉल उसळला, भांड्याच्या कडेवर आपटला आणि सुयांच्या बरोबरीनं गरागरा फिरू लागला.

"हे असं का करतंय?" स्नेहलनं विचारलं.

"खेळाडूचा बॉल की! अंगातच हाय त्याच्या."

राहिलेला डबा न्यायला आलेली तानाबाई वाकून बघत होती. "चांदी कधी नाचती व्हय, सम्राट? आत लोखंड हाय ह्याच्या."

स्नेहलचा चेहरा उतरला. तिचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फुटबॉल कौतुकानं दाखवायचे. तिनं तिथूनच दादांना फोन लावला.

दादा आले, सोबत फोटोवालाही आला. भांड्यात एक नजर टाकून त्यांनी निदान केलं, "मशीन बिघडलंय."

"मग तुमचं चांदीचं कडं टाका की, दादा," स्नेहल म्हणाली.

लोक बघत होते. दादांना हातातलं कडं काढावं लागलं. ते तळाशी गपगार पडून राहिलं. एकदम अस्सल.

दादा सम्राटवर उखडले. "तुझ्याच दुकानातनं घेतलाय की रं बॉल!"

"तुमीच म्हणलासा, फोटोत चांदी दिसली म्हंजे झालं!"

मग दादांनी घसा साफ केला, फोटोवाल्याकडं तोंड केलं आणि पेठेतली ही फसवणूक आपणच जातीनं उघडकीला आणल्याचं जाहीर केलं.

सोमवारी दादा आणि सम्राट दोघांनी मिळून नवा फुटबॉल दिला. स्नेहलनं तो आधी भांड्यात टाकायला लावला. हलला नाही. सगळ्यात जोरात टाळ्या दादांनी वाजवल्या.

त्यानंतर लोक सम्राटकडनं घेतलेल्या समया, करंडे घेऊन रांगेनं येऊ लागले. दोन दिवसांत मशीन सोयीनं "बिघडलं". सम्राटनं तानाबाईला निरोप धाडला, पण ती समोरच्या दुकानात कामाला लागली होती.

मुलींनी फुटबॉल मोडून सगळ्या संघाला बूट घेतले. मोडीला मात्र त्या सम्राटकडं गेल्या नाहीत.