चार बोटांची फट

दादाचा आणि माझा, दोघांचाच असा एकही फोटो नाही, हे मला एकतीस वर्षांनी कळलं. तेही भाच्याने मागितला म्हणून.

"आत्या, तुम्ही दोघं रोज सकाळी जोडीने कराटे करायचात ना, त्याचा एखादा फोटो पाठव. डॉक्टर म्हणतात, ओळखीचं काहीतरी सतत बाबांच्या डोळ्यांसमोर असू दे."

मी कपाट उपसलं. फोटो ढीगभर. पट्टे वाटताना, ढाली घेताना, पन्नास पोरांच्या रांगेला दोन टोकांना आम्ही दोघं खांबासारखे उभे. पण रोज सकाळी सहाला, कराटेच्या वर्गाला पोरं यायच्या आधी, दादा ठोसे मारायचा आणि मी अडवायचे, त्याचा एक फोटो असेल तर शपथ. काढणार कोण? हॉलमध्ये आम्ही दोघंच तर असायचो.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगाचा झटका आला आणि भाच्याने त्याला आपल्याकडे नेलं, विमानाने सहा तासांवर. बरोबरच केलं, मुलगाच तो. पण मागे राहिलेल्या आत्याचं काय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता दादाचा उजवा हात लुळा आणि तोंडात एकच शब्द, "हो". चहा हवा? हो. नको? हो. मी फोनवर वर्गातल्या गमती सांगते, तो हो हो करतो, आणि मला पक्कं ठाऊक असतं की हा मला ओळखून हो म्हणत नाहीये. फोन ठेवला की फार एकटं वाटतं. खोटं कशाला बोलू?

तर मी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. त्याला सगळे पासपोर्टच म्हणतात, कारण जन्मभर त्याने तेवढेच फोटो काढलेत.

"मॅडम, एका माणसाची जोडी करता येते," तो म्हणाला. "कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, तसूभर हलवायचा नाही. आधी दादांच्या जागी उभ्या राहून ठोसा मारा, मग आपल्या जागी येऊन अडवा. दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर एकात एक बसवतो."

"आणि दादाच्या धडावर माझं थोबाड?"

"ते दिसणारच नाही. अंधार करून शटर उघडं ठेवतो. तुम्ही हलाल तसं अंग धुरासारखं ओढलं जाईल. फ्लॅशला पुठ्ठ्याची नळी लावतो, शेवटी फक्त हातावर मारतो. हात तेवढा लख्ख."

पासपोर्टच्या डोक्यात एवढं असेल असं वाटलं नव्हतं. दिसतं तसं नसतं म्हणतात, ते काही उगाच नाही.

रविवारी दुपारी खिडक्यांवर काळ्या चादरी ठोकल्या. जमिनीवर आमच्या दोन लाल खुणा आहेत, पहिल्याच वर्षी दादाने रंगवलेल्या. एक त्याची, एक माझी. मी खुणेच्या पुढे बोटभर सरकले तरी ओरडायचा, "अंतर, ठमे, अंतर!" जगाला मी मॅडम, त्याला ठमी. ठोसा अंगाला लागायचा नाही आणि हवेतही जायचा नाही, बरोबर माझ्या मनगटावर यायचा, तो त्या अंतरामुळे. एकतीस वर्षं हेच पालुपद. कान किटले होते माझे.

त्याच्या खुणेवर मी कधी उभीच राहिले नव्हते. राहिले, तर समोर माझी रिकामी जागा आणि मागे चादर लावलेली खिडकी. रोज सकाळी हा इथून मला बघत होता तर.

"हसू नका," पासपोर्ट सवयीने म्हणाला.

"मी कशाला हसतेय, मेल्या?"

ठोसा मारला. मग माझ्या खुणेवर येऊन अडवला. पासपोर्टने दोन्ही फोटो एकात एक बसवले आणि डोकं खाजवलं. डावीकडून धुरातून एक मूठ आलेली, उजवीकडे माझं मनगट तयार, आणि मधे चार बोटांची फट.

"लागत नाहीये, मॅडम."

पुन्हा मारला. पुन्हा चार बोटं. खुणेच्या पुढे सरकून मारला तर पाय वेडेवाकडे पडले, दादाने बघितलं असतं तर हॉलभर पळवलं असतं. सात वेळा केलं. गुडघा बोंबलायला लागला. मला वाटलं, मीच म्हातारी झाले, आता हात पोचत नाही.

"राहू द्या हो, त्यात काय," पासपोर्ट म्हणाला आणि माऊसने मूठ अलगद उजवीकडे सरकवली. टेकली मनगटाला. "बघा, कुणाला कळणार पण नाही."

कुणाला कळणार नव्हतं हे खरंच. चित्र झकास होतं. पण मी वाकून पुन्हा बघितलं. त्यात दोन बायका होत्या. मीच मला मारत होते, मीच अडवत होते, आणि दादा कुठेच नव्हता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझा हात आखूड झाला नव्हता, तो पहिल्यापासूनच आखूड होता. दादाचा हात माझ्यापेक्षा चार बोटं लांब. खुणा त्याच्या हाताच्या मापाने रंगवलेल्या.

"परत होती तशी कर," मी म्हटलं.

"अहो, चूक दिसेल ती!"

"दिसू दे. ती चूक नाही. तेवढाच दादा आलाय फोटोत."

पासपोर्टने पुन्हा माऊस धरला. मग त्याने मूठ मागे घेतली.

मोठा फोटो करून पाठवला. पाठवल्यावर मात्र जीव टांगणीला. वाटलं, बाई गं, हौसेने भलतंच करून बसलीस. ज्याला समोरचं माणूस कळत नाही, त्याला धूर आणि फट काय कळणार? ओळखलं नाही तर आपण गेलोच त्याच्या आठवणीतून.

आठव्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. मी हॉल झाडत होते.

"आत्या, फोटो पलंगाशेजारी, हाताला लागेल असा लावलाय. पण एक गंमत सांगू? छपाईत काहीतरी राहिलंय बहुतेक, मूठ हाताला लागतच नाही. आणि बाबांनी नेमकं तेच पकडलं. डाव्या हाताचं बोट त्या फटीवर ठेवून बसलेत कालपासून. मी विचारलं, बाबा, हे काय आहे? तर पहिल्यांदा 'हो' सोडून दुसरं काहीतरी बोलले."

"काय बोलला?"

"नीट कळलं नाही गं. अंतर की काय असं. त्याला काही अर्थ आहे का?"

मी वळून जमिनीवरच्या दोन लाल खुणांकडे बघितलं. भाचा "आत्या, आत्या" करत राहिला.

"आहे," मी म्हटलं. "त्याला सांग, ठमी खुणेवरच उभी आहे."

फोन ठेवला. झाडू भिंतीला टेकवला. पोरं यायला अजून तासभर होता. मी माझ्या खुणेवर जाऊन उभी राहिले आणि मनगट वर केलं.